शिक्षण वेगवेगळे, रुग्ण मात्र एकच

डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माता, समुपदेशक आणि वैद्यकीय समाजसेवक हे सारे एकाच रुग्णासाठी राबतात. परंतु शिक्षण घेत असताना त्यांची एकमेकांशी गाठ जवळपास पडतच नाही. २०१९ ते २०२३ या काळात संसदेने आरोग्यशिक्षणाशी संबंधित सहा कायदे संमत केले. वैद्यकीय, भारतीय चिकित्सापद्धती, होमिओपॅथी, सहायक आरोग्य व्यवसाय, परिचर्या व प्रसूतिविद्या आणि दंतवैद्यक अशा सहा क्षेत्रांसाठी सहा स्वतंत्र राष्ट्रीय आयोगांची तरतूद त्यांतून झाली. परिचर्येचा १९४७ चा आणि दंतवैद्यकांचा १९४८ चा, असे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचे कायदे इतिहासजमा करणारी ही फेररचना निश्चितच मोठी आहे. प्रत्येक व्यवसायाला आपापले घर मिळाले. या घरांमध्ये ये-जा करण्यासाठी दार ठेवण्याचा विचार मात्र फारसा कोणी केलेला दिसत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात कलम ५० अन्वये वर्षातून किमान एक संयुक्त बैठक घेण्याची तरतूद आहे. ही बैठक होमिओपॅथी आणि भारतीय चिकित्सापद्धती यांच्या नियामक संस्थांबरोबर घ्यायची आहे. ज्या परिचारिकेशिवाय रुग्णालयाचा एक तासही जात नाही, तिच्या व्यवसायाचा या कलमात उल्लेख नाही. सहायक आरोग्य व्यवसायांचाही नाही. म्हणजे पदवीच्या अक्षरांवरून ज्यांचे वाद होतात, त्यांना एकत्र बसवण्याची सोय कायद्याने केली. प्रत्यक्ष खाटेभोवती जे एकत्र उभे असतात, त्यांचा विचार राहून गेला.

आंतरव्यावसायिक शिक्षण ही संकल्पना नेमकी याच उणिवेशी संबंधित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृती आराखड्यातील व्याख्येचा आशय सोपा आहे. दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात आणि त्यातून त्यांचे सहकार्य व रुग्णांचे आरोग्य सुधारते, तेव्हा ते आंतरव्यावसायिक शिक्षण ठरते. यातील ‘सोबत’ हा शब्द फसवा आहे. दोनशे जणांच्या सभागृहात एमबीबीएस आणि नर्सिंगचे विद्यार्थी शेजारी बसवून शरीररचनेचे एकच व्याख्यान दिले, तर खर्च वाचेल. पण हे शिक्षण आंतरव्यावसायिक होणार नाही. ‘एकमेकांकडून’ हा शब्द जिथे खरा ठरतो, तिथेच त्याची सुरुवात होते.

या विचाराला मोठे राजकीय बळ मिळाले ते ब्रिटनमध्ये, आणि तेही दोन शोकांतिकांमुळे. ब्रिस्टल येथील रुग्णालयात १९८४ ते १९९५ या काळात झालेल्या लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांची चौकशी प्रा. इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली झाली. जुलै २००१ मध्ये तिचा अहवाल आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अपेक्षेपेक्षा अधिक दगावली, असा त्याचा निष्कर्ष होता. तेथील एका भूलतज्ज्ञाने आकडे मांडून धोक्याची सूचना दिली होती; परंतु शल्यविशारदांच्या वर्तुळात भूलतज्ज्ञाचा आवाज पोहोचला नाही. केनेडी अहवालाने जवळपास दोनशे शिफारशी केल्या. निरनिराळ्या आरोग्य व्यवसायांनी एकत्र शिकावे, हा मुद्दा त्यांत ठळक होता.

दुसरी घटना व्हिक्टोरिया क्लिंबिए या आठ वर्षांच्या मुलीची. आयव्हरी कोस्टमध्ये जन्मलेली ही मुलगी नात्यातील एका स्त्रीसोबत १९९९ च्या वसंतात लंडनला आली आणि २५ फेब्रुवारी २००० रोजी मरण पावली. तिच्या देहावर १२८ जखमा व व्रण आढळले. ती स्त्री आणि तिचा साथीदार यांना खुनाबद्दल शिक्षा झाली. मात्र त्यानंतर लॉर्ड लेमिंग यांनी केलेल्या चौकशीतून जे बाहेर आले, ते सरकारी यंत्रणेला अधिक लाजिरवाणे होते. मुलगी कोणाच्या नजरेस पडली नाही, असे घडलेच नव्हते. चार स्थानिक प्रशासनांचे समाजसेवा विभाग, पोलिसांची दोन बालसंरक्षण पथके, एक नामांकित बालकल्याण संस्था आणि दोन रुग्णालये यांच्यापर्यंत तिचे नाव पोहोचले होते. तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी हुकल्या, असे लेमिंग यांनी नमूद केले.

या संधी कशा हुकल्या, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. पहिल्या रुग्णालयात एका कनिष्ठ डॉक्टरला जखमा हेतुपुरस्सर केलेल्या असाव्यात, असा संशय आला. वरिष्ठांनी खरजेचे निदान केले. हे निदान कागदावरून समाजसेवा विभागात गेले तेव्हा त्याचा अर्थ ‘छळ नाही’ असा घेतला गेला. खरूज आणि मारहाण एकाच मुलीच्या वाट्याला येऊ शकते, हा साधा प्रश्न विचारण्याइतका आत्मविश्वास समाजसेवकाकडे नव्हता. दहा दिवसांनी मुलगी भाजलेल्या अवस्थेत दुसऱ्या रुग्णालयात आली. तेथील परिचारिकांनी अंगावरचे वळ पाहिले, परंतु ते सारे केसपेपरवर उतरले नाही. तेथील वरिष्ठ डॉक्टरांनी मुलीला घरी सोडता येईल, अशा अर्थाची नोंद केली. शरीर बरे झाले आहे, एवढेच त्यांना म्हणायचे होते. घरची चौकशी समाजसेवक आणि पोलीस करतील, असे त्यांनी गृहीत धरले. समाजसेवक आणि पोलिसांनी त्याच नोंदीचा अर्थ डॉक्टरांना आता चिंता वाटत नाही, असा लावला. शिवाय खरूज लागेल या भीतीने त्या घरी जाणेही टाळले गेले. तेव्हा खरूज कशी पसरते आणि काय काळजी घेतली म्हणजे पुरते, हे सांगायला दोन मिनिटे लागली असती. सांगणारे लोक एका इमारतीत होते, ऐकायला हवे होते ते दुसऱ्या इमारतीत.

जानेवारी २००३ मध्ये लेमिंग यांचा अहवाल १०८ शिफारशींसह प्रसिद्ध झाला आणि त्यातून २००४ चा बालक कायदा आला. त्याच २००३ साली इंग्लंडमध्ये समाजकार्याची नवी पदवी सुरू झाली. इतर व्यवसायांबरोबर भागीदारीने काम करणे व माहितीची देवाणघेवाण करणे यांचे प्रशिक्षण तिच्यात अनिवार्य करण्यात आले. ब्रिटनमध्ये या विषयाचा पाठपुरावा करणारी ‘केप’ ही संस्था १९८७ पासून होतीच. तिच्या म्हणण्याला आता वजन आले.

परंतु हा यशोगाथेचा नमुना म्हणून सांगता येत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये लंडनच्या त्याच हॅरिंगे भागात पीटर कॉनेली हे सतरा महिन्यांचे बालक मारहाणीत दगावले. आठ महिन्यांत डॉक्टर, समाजसेवक, आरोग्यसेविका आणि पोलीस यांचा त्याच्याशी सुमारे साठ वेळा संबंध आला होता. समित्या आल्या, फॉर्म आले, संयुक्त बैठकांची इतिवृत्ते आली. तरी मुलगा गेला. एकत्र बसणे आणि एकत्र विचार करणे यांत अंतर आहे, हे ब्रिटनला दुसऱ्यांदा, फार मोठी किंमत देऊन कळले.

उपयोग होतो का?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘होतो, पण सरसकट नाही’ असे द्यावे लागते. वैद्यकीय पुराव्यांचा काटेकोर आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समूहाने १९९९ मध्ये या विषयाकडे पाहिले, तेव्हा त्यांच्या कसोटीला उतरणारा एकही अभ्यास सापडला नाही. २००८ मध्ये सहा सापडले. २०१३ मध्ये ही संख्या पंधरा झाली. त्यांपैकी सातांत परिणाम चांगला दिसला, चारांत संमिश्र आणि उरलेल्या चारांत काहीच फरक पडला नाही. एखाद्या औषधाचे आकडे असे आले असते, तर त्याला घाईने परवानगी मिळाली नसती.

शस्त्रक्रियागृहातील तपासणी यादीची कथा यावर अधिक प्रकाश टाकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आठ शहरांतील आठ रुग्णालयांत, त्यांत नवी दिल्लीतील एक, अशी यादी वापरून पाहण्यात आली. यादीत काही गोष्टी तांत्रिक होत्या. एक मात्र अगदीच घरगुती वाटावी अशी होती. चीर देण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने ही यादी सर्वत्र लागू केली. तेथील १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही. यादी तीच होती. काही तज्ज्ञांनी याचे कारण असे मांडले, की वरून आदेश आल्यावर चौकोनात खुणा करणे सोपे असते. परिचारिकेने शल्यविशारदाला ‘थांबा’ म्हणणे आणि त्याने थांबणे, हे आदेशाने घडत नाही. ते सवयीने घडते आणि सवय विद्यार्थिदशेतच लागते.

स्वीडनमधील लिनशॉपिंग विद्यापीठाने हे ओळखले होते. तेथे १९८६ पासून आरोग्याच्या सर्व शाखांचे विद्यार्थी अभ्यासक्रमाचा काही भाग एकत्र पूर्ण करतात. १९९६ मध्ये या विद्यापीठाने एक पाऊल पुढे टाकले आणि रुग्णालयातील एक वॉर्ड विद्यार्थ्यांच्या हाती दिला. वैद्यकीय, परिचर्या, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या शाखांचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली पाळ्या लावून खऱ्या रुग्णांची सारी व्यवस्था पाहतात. रुग्णाला अंघोळ घालणे हेही त्यात आले, आणि भावी डॉक्टरही त्यातून सुटत नाहीत. रुग्णाला कुशीवर वळवताना कुठे दुखते, हे राउंडवर कळत नाही. पाठ पुसताना कळते. असे प्रशिक्षण वॉर्ड नंतर इतर देशांतही सुरू झाले.

एक मूल, दोन मोजमापे

महाराष्ट्रात या प्रश्नाचे स्वरूप पाहायचे, तर रुग्णालयाआधी अंगणवाडीत जावे लागते. कुपोषित बालकाशी संबंध येणाऱ्या तीन स्त्रिया गावात असतात. अंगणवाडी सेविका महिला व बालविकास विभागाची. आशा आणि एएनएम सार्वजनिक आरोग्य विभागाच्या. त्यांतही एएनएम प्रशिक्षित परिचारिका, तर आशा ही मोबदल्यावर काम करणारी स्वयंसेविका. एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची, आशा योजना राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर २००५ मध्ये आलेली. प्रशिक्षण वेगळे, नोंदवह्या वेगळ्या, वरिष्ठ वेगळे.

मोजमापसुद्धा वेगळे होते, ही यातील सर्वांत बोलकी गोष्ट. अंगणवाडीत वर्षानुवर्षे बालकाची श्रेणी ‘वयानुसार वजन’ पाहून ठरत असे. आरोग्य खात्याचे पोषण पुनर्वसन केंद्र मात्र ‘उंचीनुसार वजन’ किंवा दंडाचा घेर पाहते, घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर बालक तीव्र कुपोषित म्हणजे ‘सॅम’. ही दोन मोजमापे एकाच मुलाची दोन नावे नव्हेत. ती बऱ्याचदा वेगवेगळी मुले दाखवतात. दीर्घकाळच्या उपासमारीने खुजे राहिलेले मूल वयाच्या मानाने फार कमी वजनाचे असते, परंतु उंचीच्या मानाने ते ठीक भरू शकते. याउलट उंच बांध्याचे मूल अलीकडच्या आजारपणाने झडलेले असले, तरी वयाच्या तक्त्यावर ते धोक्याच्या रेषेवर राहू शकते.

याचा व्यवहारातील परिणाम कल्पनेने जाणता येतो. सेविकेने तीव्र कमी वजनाचे म्हणून पाठवलेले मूल आरोग्य केंद्रात ‘सॅम नाही’ म्हणून परत येते. आईचा दिवस बुडतो, मजुरी बुडते, वर सेविकेचा शब्द खोटा पडतो. पुढच्या खेपेला ती आई जायला तयार होत नाही. यात सेविका चुकलेली नसते आणि डॉक्टरही चुकलेला नसतो. दोघांनी दोन पुस्तके वाचलेली असतात. २०२१ पासून पोषण ट्रॅकर या अॅपमुळे अंगणवाडीतही उंची नियमित नोंदवली जाऊ लागली, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. अॅप मोजमाप जुळवील. मात्र मूल परत का पाठवले, हे डॉक्टरने सेविकेला समजावून सांगणे आणि त्या घरात खायला काय आहे, हे सेविकेने डॉक्टरला सांगणे, याची व्यवस्था अॅपमध्ये नाही.

यावर उपाय अवघड नसतो, हे राजस्थानात दिसले. तेथे अंतरा फाउंडेशनने आशा, एएनएम आणि अंगणवाडी सेविका यांना एकत्र बसवून गावाचा नकाशा काढायला लावला. घरांना क्रमांक दिले आणि जोखमीच्या माता व बालकांच्या घरांवर रंगीत टिकल्या लावल्या. कपाळावर लावायच्या त्याच टिकल्या. तिघींच्या नोंदवह्या समोरासमोर येण्याला यापेक्षा स्वस्त साधन सापडणे कठीण.

न सांगता झालेले प्रयोग

संकल्पनेचे नाव परदेशी असले, तरी तिचे काम आपल्याकडे नवे नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये नगर जिल्ह्यात जामखेडचा प्रकल्प सुरू केला. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांचे फिरते पथक हा त्याचा कणा होता. गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, ज्यांतील अनेकींना लिहिता-वाचताही येत नव्हते, ठरल्या दिवशी जामखेडला येत आणि आपापल्या गावातील अडचणी मांडत. तेथे शिकवणारा आणि शिकणारा यांच्या जागा बदलत राहत. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात बंगळुरूच्या निम्हान्सने मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार समाजसेवक आणि परिचारिका यांना एकाच युनिटमध्ये घडवण्याची पद्धत अनेक दशके चालवली आहे. मनाच्या आजारात एकट्या डॉक्टरचे भागत नाही, हे त्या शास्त्राने लवकर मान्य केले म्हणून हे साधले असावे.

मुंबईपुरते बोलायचे, तर ‘दिलासा’चे उदाहरण अधिक जवळचे आहे. वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून हे केंद्र सुरू केले. घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी रुग्णालयातच असलेले असे केंद्र देशात पहिलेच. मारहाण झालेली स्त्री पोलीस ठाण्यात जाण्याआधी अपघात विभागात येते. ‘मोरीत पाय घसरला’, ‘स्टोव्हचा भडका उडाला’, ‘चुकून फिनेल प्यायले’, असे सांगते. टाके घालणारा डॉक्टर टाके घालतो. प्रश्न टाक्यांच्या पलीकडे विचारायचा, तर ते काम आपले नाही, अशी त्याची समजूत असते. आणि ज्याचे ते काम, तो समुपदेशक त्या खोलीत नसतो.

‘दिलासा’ने केवळ एक समुपदेशन कक्ष उघडला असता, तर तो एरवीच्या कक्षांसारखा रिकामा राहिला असता. रुग्णालयातील डॉक्टर आणि परिचारिका यांनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्यातून सहकाऱ्यांना शिकवणारा गट तयार करण्यात आला, हे त्यातील खरे काम. कोणती जखम पडण्याची आणि कोणती मारण्याची, हे डॉक्टरने सांगायचे. नवरा शेजारी उभा असताना प्रश्न विचारू नयेत, हे समुपदेशकाने सांगायचे. बाई रात्री रडते आणि सकाळी ‘बरं आहे’ म्हणते, हे परिचारिकेला ठाऊक असते. तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या, म्हणजे केसपेपरवर ती नोंद उतरते जी पुढे न्यायालयातही टिकते. पुढे हे केंद्र महापालिकेने आपल्या यंत्रणेत सामावून घेतले, मुंबईतील इतर रुग्णालयांत त्याचा विस्तार झाला आणि इतर राज्यांनीही ते उचलले. मात्र हे शिकवण्याची वेळ नोकरीत लागल्यावर आली. महाविद्यालयात ते कोणीच कोणाला शिकवले नव्हते.

एका छताखाली, तरीही लांब

महाराष्ट्राला याबाबतीत एक फायदा आहे, ज्याचा पुरेसा वापर होत नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली १९९८ पासून वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी अशा शाखांची महाविद्यालये एकत्र आहेत. परळच्या केईएम रुग्णालयाच्या एकाच आवारात भावी डॉक्टर, परिचारिका आणि दोन्ही प्रकारचे थेरपिस्ट शिकतात. उपाहारगृह समान असते, अभ्यासवर्ग नव्हे.

आणि समाजकार्य? त्याचा पत्ताच वेगळा. देशातील समाजकार्याचे औपचारिक शिक्षण मुंबईतच १९३६ मध्ये सुरू झाले, ती आजची टाटा समाजविज्ञान संस्था. देशातील पहिले वैद्यकीय समाजसेवकाचे पदही १९४६ मध्ये मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयात निर्माण झाले. असे असूनही राज्यातील समाजकार्य महाविद्यालये बिगरकृषी विद्यापीठांना संलग्न आणि अनुदानापुरती सामाजिक न्याय विभागाकडे आहेत. आरोग्य विद्यापीठाशी त्यांचा संबंध नाही. परिणामी सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक हा बहुतेक निवासी डॉक्टरांच्या लेखी पैशांची सोय करून देणारा, म्हणजे ट्रस्टची पत्रे, पुअर बॉक्स निधी, योजनेची कागदपत्रे पाहणारा माणूस ठरतो. बेवारस रुग्णाचे नातेवाईक शोधायचे असले, की त्याची आठवण होते. रुग्ण औषध मध्येच का सोडतो, डिस्चार्जनंतर त्याला कोण सांभाळणार आहे, हे त्याला विचारले जात नाही. २०२१ च्या सहायक आरोग्य व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय आणि मनोविकार समाजसेवकांचा प्रथमच समावेश झाला, ही म्हणूनच महत्त्वाची घटना आहे. तिची वर्तमानपत्रांनीही फारशी दखल घेतली नाही.

वैद्यकीय शिक्षणाने २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम स्वीकारला. त्यात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. दुसरी आहे ‘आरोग्य चमूचा नेता आणि सदस्य’. शब्दांचा क्रम पाहण्यासारखा आहे. नेता आधी, सदस्य नंतर. गंभीर प्रसंगी अंतिम निर्णय कोणीतरी घ्यावा लागतो आणि त्याची कायदेशीर जबाबदारी डॉक्टरवर येते, हे खरेच. परंतु पक्षाघाताच्या रुग्णाला तिसऱ्या आठवड्यात काय हवे, याचा निर्णय फिजिओथेरपिस्टकडे आणि घरी न्यायला कोणी नसलेल्या वृद्धेचा निर्णय समाजसेवकाकडे सोपवण्याचा सराव अभ्यासक्रमात कुठे करून घेतला जातो, हे शोधावे लागते.

संघटनांचा धसका हाही एक अडथळा आहे. २०१७ च्या वैद्यकीय आयोग विधेयकात आयुष डॉक्टरांसाठी सेतू अभ्यासक्रमाची तरतूद होती. विरोधानंतर २०१८ मध्ये ती वगळावी लागली. महाराष्ट्रात होमिओपॅथी डॉक्टरांच्या ‘सीसीएमपी’ अभ्यासक्रमावरून आणि त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये पुन्हा तसाच वाद पेटला आणि अॅलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. अशा वातावरणात ‘एकत्र शिक्षण’ म्हटले, की मागील दाराने आपले अधिकार वाटले जाणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. वास्तविक दोन्ही गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत. सेतू अभ्यासक्रम एका व्यवसायाला दुसऱ्याचे काम करण्याची मुभा मागतो. आंतरव्यावसायिक शिक्षणात परिचारिका परिचारिकाच राहते आणि डॉक्टर डॉक्टरच. दुसऱ्याचे काम कुठे सुरू होते, एवढे प्रत्येकाला कळते.

अडचण खालच्या टोकालाही आहे, आणि तिची चर्चा त्या मानाने कमी होते. मोबदल्यावर राबणाऱ्या आशेला पगारी कर्मचाऱ्यांच्या शेजारी बसवून ‘तुम्ही सारे एक चमू’ असे सांगितले, तर ती मान डोलावेल, बोलणार नाही. मानधनासाठी आशांना आणि अंगणवाडी सेविकांना पुन्हा पुन्हा संप करावे लागले आहेत. त्या दिवशीच्या प्रशिक्षणाचा भत्ता कोणाला किती, यावरूनच चमूतील स्थान कळते. शिवाय परीक्षेत ज्याला गुण नाहीत, ते विद्यार्थी मनावर घेत नाहीत. आंतरव्यावसायिक सत्रांना गुण द्यायचे, तर ते कोणत्या आयोगाने, या प्रश्नापाशी गाडी पुन्हा त्या सहा घरांकडे येऊन थांबते.

त्यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याची गरज नाही. आरोग्य विद्यापीठाला आपल्याच संलग्न महाविद्यालयांच्या आंतरवासितेत, म्हणजे इंटर्नशिपमध्ये, दोन आठवड्यांची समान पाळी ठेवणे आणि जवळच्या समाजकार्य महाविद्यालयाचे क्षेत्रकार्य तिला जोडणे शक्य आहे. यासाठी वैद्यकीय शिक्षण आणि सामाजिक न्याय या दोन विभागांच्या सचिवांनी एकदा एका टेबलाशी बसावे लागेल. तेवढी संयुक्त बैठक कोणत्या कलमाखाली घ्यायची, हा प्रश्न मात्र तूर्त अनुत्तरित आहे.